सायलसच्या जेवणासाठी मूस

माझं नाव व्हर्न लिंडक्विस्ट. पार उत्तरेला, बर्फाच्या मुलखात, कोयुकुक नदीच्या काठी एल्बो बेंड म्हणून गाव आहे, तिथला मी एकुलता एक वैमानिक. एकुलता एक असल्यामुळे गावातला सगळ्यात चांगला वैमानिकही मीच आणि सगळ्यात वाईटही मीच. यातलं खरं काय, ते त्या दिवशी माझ्यामागे कोण बसलं होतं त्याला विचारावं.

मागे एकच माणूस बसतो, कारण माझ्या विमानाला दोनच सीटं आहेत, एकामागे एक. पंख कापडाचे, आणि चाकं मात्र भोपळ्यासारखी फुगलेली. अशी चाकं असली की गोट्यांवर, वाळूवर, शेवाळावर, कुठेही उतरता येतं. आमच्याकडे धावपट्ट्या थोड्या आणि नदीतल्या गोट्यांच्या पुळणी भरपूर, त्यामुळे असं उतरणं हा रोजचा धंदा आहे, त्यात शौर्य वगैरे काही नाही. हे मला आता कळतं. तेव्हा मला वाटायचं की मी उतरतो म्हणजे एक खेळ होतो, आणि खेळ म्हटला की बघणारे हवेत.

मी शाळेच्या मैदानात उतरलोय. तिथल्या बाई अजून माझ्याशी बोलत नाहीत. एकदा डोंगराच्या सोंडेवर उतरलो आणि इथून परत उडायला जागाच नाही हे उतरल्यावर लक्षात आलं. मग समोरून जोराचा वारा येईपर्यंत तिथे रानातल्या बेरी खात बसलो. विमानाच्या नाकावरचे जेवढे पंखे मी वाकडे केले तेवढे घराच्या भिंतीवर टांगून ठेवलेत. बाकीचे लोक त्या जागी नातवंडांचे फोटो लावतात.

हे सगळं ठाऊक असूनही एक माणूस माझ्यामागे आनंदाने बसायचा. म्हणजे आनंदाने नाही, पण बसायचा. सायलस डेमोस्की. मी पंचविशीत मिनेसोटाहून इथे आलो तेव्हा मला नदी दिसायची ती फक्त पाणी म्हणून. ती वाचायला सायलसनी शिकवलं. कुठली पुळण वसंतात बर्फ फुटला की जागा सोडते, कुठे गोटे पक्के बसलेत आणि कुठे वरून गोटे नि खाली नुसता गाळ, हे ते मागे बसून सांगायचे. मी फार शहाणपणा करायला लागलो की माझ्या खांद्यावर दोन बोटं दाबायचे. मी बोटांकडे फारसं लक्ष देत नसे, पण ती तिथे आहेत याचं बरं वाटायचं.

ऑगस्ट संपता संपता सायलस झोपेत गेले. त्यानंतर मी विमान उडवायचो आणि खांद्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहायचं. माझा बाप गेला तेव्हाही मला इतकं वाईट वाटलं नव्हतं, हे सांगायला लाज वाटते, पण खरं आहे.

आमच्याकडे माणूस गेला की त्याच्यामागे पॉटलॅच करतात. सगळं गाव जेवतं, नदीच्या वरच्या आणि खालच्या गावांहून लोक होड्यांनी येतात, गाणी होतात, गेलेल्याच्या गोष्टी सांगतात. पानात मासा असतो, बदक असतं, बेरी घालून केलेला गोड गोळा असतो. पण मूसचं मांस नसेल तर त्याला कोणी जेवण म्हणणार नाही. आणि सायलससारख्या माणसाच्या जेवणाला मूस नाही ही गोष्ट पुढची तीस वर्षं नदीभर झाली असती. नेमका त्या साली घोड्याहून उंच असा तो प्राणी गावाच्या आसपास फिरकला नाही.

जेवणाच्या आदल्या दिवशी सकाळी हॅरिएटमावशीने मला बोलावलं. हॅरिएट ही सायलसची बायको. मावशी मी म्हणतो, तसं सगळं गावच म्हणतं. तिचं स्वयंपाकघर बायकांनी भरलेलं होतं. तिचा भाचा बेनेडिक्ट आणि त्याचा चुलतभाऊ फ्रेड यांना आल्डर नाल्यात, पार वरच्या अंगाला, मूस मिळाला होता. पण नाल्याला पाणी नव्हतं. रिकामी होडी त्यांनी ओढत ओढत वर नेली होती, तीत आख्खा मूस भरला असता तर होडी जागची हलली नसती. मांस कापून, पानांवर पसरून दोघं एका पुळणीवर बसले होते, आणि ती पुळण मला चांगली माहीत होती.

"व्हर्न," मावशी म्हणाली, "जमलंच तुला, तर जरा वरच्या बाजूला जाऊन बघशील?"

इथे बोलायची रीत ही अशी. मावशी पन्नास वर्षं जाळी टाकते आहे, पण मासे आणायला जाते असं तिच्या तोंडून कोणी ऐकलेलं नाही. जरा पाण्याकडे जाऊन येते, म्हणते. प्राण्याच्या बाबतीत बढाई मारली की तो ऐकतो, त्याला राग येतो, आणि मग तो तुमच्या हाती लागत नाही. लागलेला असला तरी काहीतरी विपरीत होतं. मोठ्या प्राण्याचं तर नावही उगाच घेत नाहीत. हे मी तीस वर्षं ऐकत होतो. मिनेसोटाच्या माणसाला एखादी गोष्ट ऐकायला तीस वर्षं लागतात, पटायला त्याच्यापुढे.

"बघायचंय काय त्यात, मावशी?" मी म्हणालो. "तीन फेऱ्यांचं तर काम आहे. दुपारपर्यंत मूस तुझ्या चुलीवर."

मावशीची बहीण लॉर्ना कांदा चिरत होती, तिची सुरी थांबली.

"हळू बोल," मावशी म्हणाली.

"कोण ऐकतंय इथे?"

"तू सोडून सगळे," ती म्हणाली आणि पीठ मळायला लागली.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण गावातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात एक रेडिओ दिवसभर चालू असतो. कोणाला कोणाशी बोलायचं असलं की त्यावर बोलतात आणि बाकीचं गाव चहा पीत ते ऐकतं. विमानात बसल्याबरोबर मी माझा हातातला रेडिओ तोंडाशी धरला. "एल्बो बेंड, व्हर्न बोलतोय. मोठी पातेली काढून ठेवा. सायलसचा मूस घेऊन येतोय, आणि उतरताना बघायचं असेल तर बाहेर या, पैसे पडणार नाहीत."

एरवी यावर कोणीतरी फटकन बोलतं. मूस येईल रे, तुला कोण आणणार, असं काहीतरी. त्या दिवशी कोणी बोललं नाही. लोक भारावून गेले असतील असा मी समज करून घेतला.

आता पुढचं सांगताना मी कारणं शोधतोय, पण एकही सापडत नाही. हवा स्वच्छ होती. वारा नव्हता. पुळण लांबलचक होती, माझ्या आजीने टोपली हातात घेऊन विमान उतरवलं असतं इतकी लांब. मी तिथे पूर्वी सरळ, शहाण्यासारखा उतरलो होतो. बघायला म्हणाल तर बेनेडिक्ट होता, फ्रेड होता आणि मांसावर डोळा ठेवून बसलेले चार-पाच डोमकावळे. या प्रेक्षकांसाठी मी ती करामत केली.

करामत अशी. पुळणीच्या अलीकडे नाल्याचा डोह आहे. विमान इतकं खाली आणायचं की फुगलेली चाकं पाण्याच्या पाठीवर टेकतील. वेग पुरेसा असेल तर चाकं बुडत नाहीत, पाण्यावरून घसरत जातात, मागे पांढरा फवारा उडतो आणि काठावरून बघणाऱ्याला वाटतं की हा माणूस पाण्यावर चालतोय. मग पुळण आली की अलगद तिच्यावर चढायचं. वेग जास्त झाला तर पुळण संपते. कमी झाला तर चाकं पाण्यात बुडतात. मधे एक छोटीशी फट आहे, त्यात शहाणा माणूस मुळात शिरत नाही.

मी शिरलो. फवारा छान उडाला. मला तो डाव्या बाजूला दिसत होता, आणि मी तो बघत राहिलो, हे खरं. आरशात स्वतःला बघत जिना उतरावा तसा प्रकार. पुळणीची कड माझ्या अंदाजाच्या जरा अलीकडे आली. वरून गोटे दिसत होते, खाली नुसता गाळ. डावं चाक त्यात पोटापर्यंत गेलं, विमान चाकाभोवती फिरलं, शेपूट वर गेलं आणि पुढचा पंखा गोट्यांत घुसून कडकड करत थांबला.

मग एकदम शांत झालं. मी पट्ट्यात लोंबत होतो आणि समोर, नाकापासून हातभर अंतरावर, आल्डर नाल्याचे गोटे. पट्टा सोडला तसा मी त्यांच्यावर तोंडघशी पडलो. म्हणजे विमान पडल्यावर वाचलो आणि विमानातून पडल्यावर नाक फुटलं.

बेनेडिक्ट धावत आला. "लागलं का?"

"नाक," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग विमानाकडे पाहिलं. त्याच्या पंख्याची दोन्ही टोकं मागे वळली होती. माझं नाक फुटलेलं, विमानाचंही फुटलेलं. इतका तयार विनोद समोर पडला होता आणि दोघांपैकी कोणी तो उचलला नाही. फ्रेडसुद्धा नाही. हा फ्रेड असा, की एकदा माझी दाढ दुखत होती तर त्याने आठवडाभर रेडिओवर माझ्या दाढेची बातमी दिली होती. तो मुकाट्याने मांसाकडे गेला आणि उन्हाच्या बाजूने त्याच्यावर आणखी फांद्या घालायला लागला.

आमच्या गावात कोणी तुमची टिंगल करतो म्हणजे तुम्ही त्याचे. शाळा तपासायला येणाऱ्या साहेबाची कोणी टिंगल करत नाही. पोलिसाची करत नाहीत. त्यांच्याशी सगळे गोड बोलतात, खुर्ची देतात आणि ते परत कधी जातात याची वाट बघतात.

"टेकडीवर चढून गावाला सांगावं लागेल," मी बेनेडिक्टला म्हणालो. "तू बोलतोस का? तू भाचा आहेस तिचा."

"सकाळी तू बोललास," तो म्हणाला. "आताही तूच बोल."

म्हणून मी रेडिओ गळ्यात अडकवून टेकडी चढलो. मी या गावात इतकी वर्षं राहिलो, पण रेडिओवरून कोणाकडे काही मागितलेलं मला आठवत नव्हतं. मी आणून द्यायचो, सोडायला जायचो, वाचवायला जायचो, आणि मग त्याच्या गोष्टी सांगायचो. आता प्रत्येक घरात पाव भाजला जात असणार, कांदा परतला जात असणार, आणि प्रत्येक घरात माझा आवाज जाणार. मी दोनदा बटण दाबून सोडलं.

"हॅरिएटमावशी, मी व्हर्न. विमान मोडलं. मला काही झालेलं नाही. चूक माझीच आहे, वाऱ्याची नाही, इंजिनाची नाही. मांस चांगलं आहे, पण ते आणणं माझ्या हातात राहिलेलं नाही. होड्या लागतील. लहान होड्या, जमतील तेवढ्या. प्रत्येकीत थोडं थोडं घालून ओढत खाली न्यावं लागेल. मला मदत करा."

मी बटण सोडलं आणि रेडिओ कानाशी धरला.

मग मावशीचा आवाज आला. "पाणी किती आहे?"

"पोटरीएवढं. कुठे कुठे घोट्याएवढं."

"बरं," ती म्हणाली आणि रेडिओ बंद झाला. शिवी दिली असती तर मी टेकडी उड्या मारत उतरलो असतो.

दुपार कलली तेव्हा नाल्याच्या वळणावर पहिली होडी दिसली. तिच्यामागे दुसरी. मग मी मोजणं सोडून दिलं. माणसं गुडघ्यापर्यंतचे बूट घालून पाण्यात उतरली होती आणि होड्यांना दोर बांधून वर ओढत होती. ज्यांचे पाहुणे घरी येऊन बसले होते ते होते. पाव भाजायचा सोडून आलेली लॉर्ना होती. गुडघे गेलेला म्हातारा ॲम्ब्रोज होता. तो होडीत बसून काठीने तळ चाचपत होता. सगळ्यांत पुढे मावशी होती, नवऱ्याचे बूट घालून.

ती सरळ मांसाकडे गेली. फांद्या बाजूला केल्या, हात टेकवला आणि तिच्या भाषेत हळू काहीतरी बोलली. ते माझ्यासाठी नव्हतं. त्या प्राण्याला ती समजावत असणार, आणि ज्याच्याबद्दल समजावत होती तो माणूस शेजारीच फुटकं नाक घेऊन उभा होता.

मग काम सुरू झालं. एकेका होडीत थोडं थोडं मांस गेलं, खाली फांद्या, वर फांद्या. मी एक मांडी उचलायला वाकलो तर फ्रेड म्हणाला, "तुम्ही असू द्या, आम्ही घेतो." लॉर्नाने थर्मासमधून चहा दिला आणि "घ्या, गार होईल," म्हणाली. इतक्या वर्षांत ती मला चहा देताना माझ्या पायांच्या वासाबद्दल काही ना काही बोलली नाही असं झालं नव्हतं. सगळे माझ्याशी छान वागत होते. एकाने तर मी थकलो असेन म्हणून मला होडीत बसायला सांगितलं.

मी बसलो नाही. दोर खांद्यावर घेतला आणि ओढायला लागलो. पाणी बर्फाचंच होतं, थोड्या वेळाने पायांचं मला काही कळेना. होडी गोट्यांवर अडली की चौघं मिळून उचलायची, पुढे ठेवायची, परत ओढायची. शेजारून मावशीची होडी गेली तेव्हा मी म्हणालो, "मावशी, मी..."

"डावीकडे खोल आहे, उजवीकडून ने," ती म्हणाली. तेवढंच.

मला विमानाची काळजी नव्हती. विमानाला नवा पंखा लागतो, नवं कापड लागतं, हिवाळ्यात बसून ते करता येतं. मला भीती वाटत होती ती वेगळी. मला मिनेसोटात कोणी उरलेलं नाही. मी या लोकांचा नसेन तर मग मी कोणाचाच नव्हतो, आणि हे मला दोर ओढताना कळत होतं. सायलसच्या जेवणाचं मांस मी आणीन म्हणालो होतो, आणि आता सायलसच्या म्हाताऱ्या बायकोला ते पाण्यातून ओढावं लागत होतं.

मांस पोचलं. सकाळी सगळ्या चुली पेटल्या आणि संध्याकाळी हॉलमध्ये सायलसचं जेवण झालं. चार गावांची माणसं जमिनीवर कागद पसरून ओळींनी बसली. मूसचं कालवण, भाजलेल्या फासळ्या, त्याच्याच नाकाडाचं सूप, म्हाताऱ्यांसाठी जीभ वेगळी काढलेली. मी दाराशी उभा राहिलो. माझ्या हातात कोणीतरी भरलेली ताटली दिली होती, पण मी तिला हात लावला नव्हता. थोडं तोंड दाखवावं आणि निघून जावं असं मी ठरवलं होतं, आणि मग घरी जाऊन सामान बांधायला घ्यावं का, हेही मनात घोळत होतं.

जेवणं होत आली तशी माणसं उठून सायलसबद्दल बोलायला लागली. वरच्या गावातल्या एकाने त्यांनी बर्फातून ओढून काढलेल्या कुत्र्यांची गोष्ट सांगितली. ॲम्ब्रोज गायला. बायका रडल्या, मी पण रडलो, पण ते रडणं सगळ्यांबरोबरचं होतं, त्यात लपता येत होतं.

शेवटी मावशी उठली. तिने ज्यांनी कबर खणली त्यांची नावं घेतली, ज्यांनी पेटी केली त्यांची घेतली, होड्या घेऊन आलेल्यांची एकेकाची घेतली. मग तिने दाराकडे पाहिलं, आणि तिच्या नजरेबरोबर चार गावांनी पाहिलं.

"काल कोणीतरी मला विचारलं," ती म्हणाली, "सायलस असे अचानक कसे गेले. आजार नाही, काही नाही. मी सांगते कसे गेले. ते व्हर्नच्या विमानात बसायचे, आणि दर वेळी घरी आले की टोपी टेबलावर टाकून म्हणायचे, हॅरिएट, पुन्हा त्या माणसाच्या मागे बसण्यापेक्षा मेलेलं बरं."

ती थांबली.

"काल विमान गेलं तेव्हा मागची सीट रिकामी होती. शब्दाला जागले माझे सायलस."

सगळ्यात आधी लॉर्ना हसली. मग ॲम्ब्रोज, दात नसलेलं तोंड उघडून. मग सगळा हॉल हसायला लागला. माणसं एकमेकांच्या खांद्यावर पडत होती, बेनेडिक्ट डोळे पुसत होता, आणि वरच्या गावच्या लोकांना नीट कळलं नव्हतं त्यांना फ्रेड उभा राहून, दोन्ही हात पसरून, चाकांचा फवारा कसा उडाला ते करून दाखवत होता. मी हसायला तोंड उघडलं आणि त्यातून हुंदका आला. ताटली हातात घेऊन मी लहान पोरासारखा ढसाढसा रडलो. ते बघून लोक आणखी हसले.

"झालं, आता हा रडतोय," मावशी म्हणाली. तिचे डोळेही भरले होते. "अरे, बसा कोणीतरी त्याच्या शेजारी. जमिनीवर आहे तो, घाबरू नका."

फ्रेडने सरकून माझ्यासाठी जागा केली.